शेकाट्यांची ओळ

“बसू नकोस,” मी म्हणाले. “एकदा बसलीस की पाय आपले राहत नाहीत.”

यशोधरा कातळाच्या कडेला टेकतच होती. ती तशीच सरळ झाली आणि हातातली पाण्याची बाटली न उघडता तिने पिशवीत परत ठेवली. ऊन अजून कोवळे होते; पण आम्ही पहाटे साडेपाचला घाट चढायला लागलो होतो आणि वाघजाईच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, पोचेपर्यंत माझ्या सुनेच्या टाचेला फोड आलेला होता. तिने तो मला सांगितला नव्हता. मी तिच्या चालण्यावरून ओळखला होता.

“मी थकले नाही, आईसाहेब. लेस सुटली होती.”

“लेस उभ्यानेही बांधता येते.”

मागे तातोबा होता. त्याच्या एका खांद्यावर ह्यांची मोठी पितळी दुर्बीण आणि दुसऱ्या खांद्यावर तिची तीन पायांची तिकाटी. तो हसला.

“धाकट्या बाईसायेब, तेवीस वर्सांत मी ह्या सड्यावर एकदाच बसलोय. त्ये बी घसरून.”

“तातोबा,” मी म्हणाले, “तू दुर्बीण सांभाळ. सूनबाईंना मी सांभाळीन.”

“व्हय जी.”

दरवर्षी माघाच्या अखेरीस मी या सड्यावरच्या तीन पाण्यांवरील पक्ष्यांची गणती करीत असे. धावडीचा तलाव, पिंपळतळे आणि कोरण्याचे धरण. ह्यांनी ही गणती सुरू केली. ते गेल्यावर सहा वर्षे मी ती एकाही वर्षाचा खंड न पाडता चालवली. तिन्ही पाणी एकाच दिवशी पाहिली पाहिजेत, हा ह्यांचा दंडक होता. कारण पक्षी आज या पाण्यावर असतो आणि उद्या त्या, आणि एकच थवा दोनदा मोजणे हे खोटी साक्ष देण्यासारखे आहे, असे ते म्हणत. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चौदा मैलांची चाल. त्या वर्षी मी एक्कावन्न वर्षांची होते आणि माझ्याबरोबर चालू शकणारा माणूस आमच्या तालुक्यात तातोबाखेरीज दुसरा नव्हता.

यशोधरेला मी हट्टाने नेले होते. खरे सांगायचे तर हट्ट तिचा होता. मी फक्त त्याला अट घातली. ती प्राणिशास्त्र शिकलेली होती आणि उत्तरेतल्या एका संशोधन संस्थेत दोन वर्षांच्या कामासाठी तिची निवड झाली होती. होकाराचे पत्र सोमवारच्या टपालाने जायला हवे होते. माझा मुलगा सैन्यात, सरहद्दीवर. त्याने कळवले होते की घरचा निर्णय घरात व्हावा. म्हणजे मी घ्यावा. आमच्या घरातली सून परमुलखात एकटी राहून नोकरी करील, ही गोष्ट माझ्या सासूबाईंच्या काळी कुणी मनातही आणली नसती. तरी मी लगेच नाही म्हटले नाही. मी म्हटले, “गुरुवारी माझ्याबरोबर गणतीला चल. दिवसभर तुला बघते. सूर्य मावळला की सांगेन.”

त्या दिवशी तिला काय हवे होते, हे मला तिच्या प्रत्येक पावलात दिसत होते.

सड्यावर त्या वर्षी वणवा लवकर लागून गेला होता. जिथवर नजर जाईल तिथवर गवत काळे पडलेले, आणि मधूनमधून जांभ्याचे कातळ उघडे. चंडोलांचे गाणे नव्हते. एक टिटवी मात्र घाटमाथ्यापासून आमच्या डोक्यावर होती. ती ओरडत पुढे जाई, उतरे, आणि आम्ही जवळ आलो की पुन्हा उठे.

“हिला काय झालंय?” यशोधरेने विचारले. “आत्ता अंड्यांचे दिवस नाहीत.”

“आपण तिच्या रानात आलोत,” मी म्हणाले. “एवढं कारण पुरतं.”

धावडीच्या तलावावर आम्ही साडेआठला पोचलो. पाणी निम्म्याहून खाली गेले होते आणि भोवती गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता, वरून वाळलेला, भेगाळलेला. पक्षी म्हणाल तर दोन तुतवार. काठापासून वीसेक पावलांवर एक म्हैस होती. ती बसलेली आहे असे मला प्रथम वाटले. मग दिसले की तिची पाठ आणि शिंगे तेवढीच वर आहेत आणि डोळ्यांवर माश्या आहेत.

“गाळानं धरली,” तातोबा म्हणाला. “वरनं खापरीवानी दिसतो, पर आत दही हाय. जितकं जनावर हिसकं देतं, तितकं आत जातं.”

“कुणी काढलं नाही?” यशोधरा म्हणाली.

“काडाया गेलेला मानूस बी मग काडावा लागतो, बाईसायेब.”

मी वहीत लिहिले: धावडी, तुतवार दोन. ह्यांच्या वहीत त्या तलावावर कधी दोनशेपेक्षा कमी आकडा नव्हता.

पिंपळतळ्यावर पोचायला एक वाजला. मधला सगळा रस्ता कातळाचा, सावली नसलेला. वारा अकराच्या सुमारास पडला तो परत उठलाच नाही. यशोधरा आता स्पष्ट लंगडत होती, पण माझ्यापासून तीन पावलांपेक्षा अधिक मागे पडली नव्हती. मला ते आवडले. तसे मी तिला म्हणाले नाही.

तळ्यावर बदके होती, चांगली दाट. हळदीकुंकू, चक्रवाक, आणि लहान बदकांचा एक मोठा तांडा पलीकडच्या लव्हाळ्याला लागून. मी दहा-दहाचे गट पाडून मोजली. तिनेही स्वतंत्र मोजली. तशी माझी पद्धत होती: दोघांनी मोजायचे, मग आकडे ताडून पाहायचे.

“एकशे नव्वद,” मी म्हणाले.

“माझे दोनशे बारा आले. लव्हाळ्याच्या आत एक रांग आहे, ती...”

“लव्हाळ्याच्या आतलं मोजत नाहीत. अंदाज होतो तो.”

“अंदाज नाही, आईसाहेब. दिसतात ती. या बाजूनं पाहिलं तर...”

मी तिच्याकडे पाहिले. तिने हातातली छोटी दुर्बीण खाली घेतली.

“एकशे नव्वद,” ती म्हणाली.

मी एकशे नव्वद लिहिले. नंतर तिचे लक्ष नसताना मी तिच्या बाजूला जाऊन पाहिले. रांग होती. बावीस बदके. आकडा मी बदलला नाही.

भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाताना मी तिला बसायला परवानगी दिली. तातोबा आमच्यापासून थोडा दूर, पाठ करून जेवत होता.

“तिकडे कडाक्याची थंडी असते म्हणतात,” मी म्हणाले.

“हो.”

“जेवणही आपल्यासारखं नाही.”

“सवय होईल.” मग ती घाईने म्हणाली, “आईसाहेब, दोन वर्षं म्हणजे फार नाही. सुट्टीत येईन. तुमच्या गणतीला तर नक्कीच येईन.”

“तातोबा,” मी मोठ्याने म्हणाले, “तुला काय वाटतं? पाठवावी का हिला?”

त्याने मान न वळवता उत्तर दिले. “मला काय कळतंय, आईसायेब. पर डोळा चांगला हाय त्यांचा. लव्हाळ्यातलं दिसतं त्यास्नी.”

यशोधरा हसू दाबायला पाण्याकडे वळली. मी तातोबाला म्हणाले, “तुला दुर्बीण सांभाळायला आणलंय. तिच्यासमोर माझ्या शब्दावर पुन्हा बोललास तर उद्यापासून गोठ्यात काम करायचं.” मी हे रागाने म्हणाले नव्हते. आमच्या घरी असे बोलत. पण तो उठला, त्याने हात धुतले आणि म्हणाला, “चुकलं, आईसायेब. न्हाई बोलनार.”

कोरण्याच्या धरणाशी आम्ही पोचलो तेव्हा सूर्य समोरच्या डोंगराला टेकायला हातभर राहिला होता. धरणाचे पाणी तिथे एका अरुंद फाट्यासारखे डोंगरात घुसते. पलीकडच्या काठावर पाटबंधारे खात्याचा बंगला, आणि बंगल्यापाशी आमची जीप उभी होती. ड्रायव्हरच्या पांढऱ्या टोपीचा ठिपकासुद्धा मला दिसत होता. पाण्यावरून दोनशे पावले. काठाकाठाने वळसा घातला तर चार मैल.

तातोबाने नेहमीप्रमाणे काठाजवळ येताच वहाणा काढल्या. मी तिकाटी लावायला सांगितली.

पाण्यात शेकाटे उभे होते. शेकाट्या हा लांब, गुलाबी, काडीसारख्या पायांचा पक्षी आहे. उथळ पाण्याखेरीज तो उभा राहत नाही. आमच्या काठापासून निघून पार पलीकडच्या काठापर्यंत त्यांची एकच ओळ होती, सगळे माना एका दिशेला करून, आणि पाणी इतके स्थिर की प्रत्येकाच्या पायांखाली दुसरा उलटा उभा होता. कुणीही चरत नव्हता.

“अलीकडे एकतीस,” मी सांगितले. “मध्ये जागा मोकळी. पलीकडे तेहेतीस. चौसष्ट.”

“चौसष्ट,” यशोधरा म्हणाली.

मी वही मिटली. गणती पूर्ण झाली होती. आता फक्त जीपपर्यंत जायचे होते.

इथे मी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. माझा डावा गुडघा दुपारपासून वळत नव्हता. मी तो कुणाला दाखवला नव्हता. ज्या मुलीला मी दिवसभर बसू दिले नव्हते तिच्यासमोर चार मैलांचा वळसा मला पुरा करता येणार नव्हता, आणि वाटेत कुठेतरी मला बसावे लागणार होते.

“इथूनच जाऊ,” मी म्हणाले.

दोघेही माझ्याकडे पाहू लागले.

“पाण्यातून?” यशोधरा म्हणाली.

“शेकाट्याच्या गुडघ्याला पाणी लागलं की आपल्या घोट्याला लागतं. तुझ्या सासऱ्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट. काठापासून काठापर्यंत उभे आहेत. यापेक्षा चांगला पूल कोण बांधील?”

“आईसायेब,” तातोबा म्हणाला, “वळसा घालू या. अंधार पडला तरी चालंल.”

“तुला चालेल. मला नाही.”

त्याने एकदा पाण्याकडे पाहिले, एकदा यशोधरेकडे, आणि खाली मान घातली.

यशोधरेने दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ ती पाहत राहिली. मग ती माझ्याकडे वळली आणि तिच्या चेहऱ्यावर जे होते ते मी तिच्या लग्नापासून पाहिले नव्हते.

“आईसाहेब, हे बरोबर नाही. चिखलावर शेकाटे विखरून उभे राहतात. हे एका रेषेत आहेत. फूटभर इकडे नाहीत, फूटभर तिकडे नाहीत. आणि चरत नाहीत, म्हणजे त्यांच्या पायाखाली चिखल नाहीच. त्यांच्याखाली काहीतरी अरुंद आहे. आजूबाजूला खोल असणार.”

“तू मला शेकाट्या शिकवणार?”

“मधली जागा मोकळी का आहे?”

“कारण पक्षी तिथे उभे नाहीत.”

“मी उतरणार नाही,” ती म्हणाली. “आणि तुम्हीही उतरू नका.”

आमच्या घरात त्या स्वरात माझ्याशी कुणी बोललेले नव्हते. माझ्या मुलानेही नाही.

“मग सोमवारचं पत्र विसर,” मी म्हणाले.

मला वाटले होते की ती मागे सरेल. सगळा दिवस ती त्यासाठीच चालली होती, रक्ताळलेल्या टाचेने. तिचे डोळे भरून आले. पण आवाज बदलला नाही.

“बरं. विसरले. आता वळसा घालू या.”

त्या वेळी मी वळले असते तर ही गोष्ट सांगण्यासारखी राहिली नसती. मी वाकून बूट काढायला लागले. गुडघा वळेना, म्हणून उभ्यानेच एक पाय दुसऱ्याने रेटून काढला. पदर खोचला. पाण्याच्या कडेला एक पाऊल टाकले, आणि तेवढ्यात तातोबा माझ्या पुढे आला.

“थांबा, आईसायेब. मी म्होरं हुतो. तुमी हितंच थांबा, मी सांगितल्याबिगर पाय टाकू नका.”

“दुर्बिणीला पाणी लागता कामा नये.”

“न्हाई लागनार.”

त्याने तिकाटी काठावर ठेवली, दुर्बीण दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि तो पाण्यात शिरला. चार पावले चाचपडत गेला, मग जणू पायाला वाट सापडली तसा सरळ चालू लागला. पाणी त्याच्या घोट्याच्या वर चढले नाही. पुढचे शेकाटे उठत, त्याच्या पुढे जाऊन पुन्हा त्याच ओळीत उतरत. दहा पावले. वीस. त्याचे धोतरसुद्धा भिजले नव्हते.

“बघ,” मी म्हणाले.

यशोधरा काठावर अगदी पुढे जाऊन उभी होती.

ओळीतल्या मोकळ्या जागेपाशी तातोबा थांबला. त्याने एका पायाने पुढचे पाणी चाचपले आणि पाय मागे घेतला. मग त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिले आणि काहीतरी बोलायला तोंड उघडले. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी शपथेवर सांगते, तो हसत होता.

त्याच्या पायाखालून दगड घरंगळल्याचा आवाज आला, पाण्यातून आल्यासारखा दबका. तो उभाच्या उभा खाली गेला. फार पाणी उडाले नाही. चौसष्ट शेकाटे एकदम उठले आणि किंचाळत धरणावर फिरू लागले.

यशोधरा धावली. उतरणार नाही म्हणणारी ती, कपड्यांनिशी त्या ओळीवरून धावली, आणि मोकळ्या जागेपाशी पालथी पडून तिने दोन्ही हात पाण्यात घातले. प्रथम वर आली ती दुर्बीण. दोन काळ्या हातांत धरलेली, पाण्याच्या वर. यशोधरेने ती धरली आणि सर्व बळाने ओढली. दुर्बीण तिच्या हातात आली. ते हात तिच्याबरोबर आले नाहीत. लांबून मला असे दिसले की त्याने ती तिच्या हवाली केली.

“तातोबा!” ती ओरडत होती. “तातोबा, हात द्या! हात!”

मी काठावर उभी होते. एका पायात बूट होता.

बंगल्यावरची माणसे दोर घेऊन आली तोवर सूर्य गेला होता. तातोबा सकाळी सापडला.

बंगल्याच्या पडवीत हवालदाराने पंचनामा लिहिला. गावचा पोलीस पाटील माझ्यासमोर खुर्चीवर बसायला तयार नव्हता. तो उभ्यानेच विचारत होता.

“आईसाहेब, पाण्यात कसा काय उतरला?”

“जवळची वाट म्हणून,” मी सांगितले. “मी नको म्हणत होते.”

हवालदाराने लिहून घेतले. मग पाटील यशोधरेकडे वळला. ती भिंतीला टेकून बसली होती, कालच्याच लुगड्यात, गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

“वहिनीसाहेब, आपण होता. असंच झालं ना?”

तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला तो परतवता आला असता. तिथे फक्त प्रश्न होता, आणि ती माझ्याकडून उत्तराची वाट पाहत होती. मी पदर सावरला.

“हो,” ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, मी तातोबाच्या घरी गेले. यशोधरा बरोबर होती. तेवीस वर्षांत मी त्याच्या वस्तीवर गेले नव्हते. तशी वेळच आली नव्हती. माळरानावर एका मापाची, पत्र्याची घरे होती आणि वस्तीच्या तोंडाशी सिमेंटचा खांब. त्यावर लिहिले होते: कोरणे, पुनर्वसित गाव.

यशोधरा त्या खांबापाशी थांबली. मी थांबले नाही.

त्याचे गाव धरणात गेले, हे मला ठाऊक होते. कोणत्या धरणात, हे मी विचारले नव्हते.

त्याची बायको हौसा दारात बसली होती. मला पाहून ती उठायला लागली, तिला शेजारच्या दोघींनी धरले.

“कशाला दगदग केली, आईसायेब, एवढ्या उन्हाची.”

“हौसा,” मी म्हणाले, “फार वाईट झालं. त्याला पाण्याचा अंदाज आला नाही.”

ती माझ्याकडे नवलाने पाहू लागली.

“त्यास्नी? त्यास्नी न्हाई अंदाज? लहानपनापासनं त्या भिंतीवर चाललंत त्ये. द्येवळाची भिंत हाय ती, आईसायेब. मला लगीन झाल्यावर दावली हुती, तवा गाव हुतं. मदी दरवाजा हुता, पालखी त्येच्यातनं भाईर पडायची. खाली वढा, दोन पुरुस खोल.”

“मग तो बोलला का नाही?” मी विचारले. माझा आवाज चढला. “त्याने मला सांगायला हवं होतं. एका शब्दानं सांगायला हवं होतं.”

“कसं सांगतील?” हौसा म्हणाली. तिच्या बोलण्यात दोष नव्हता. उलट नवऱ्याची समज मला उलगडून सांगताना तिला अभिमान वाटत होता. “नव्या सूनबाईंच्या म्होरं तुमाला खोटं कसं पाडतील? त्यांनी इचार क्येला आसंल, भिंतीवरनं दरवाजापतूर जावं आन् तिथनं सांगावं, आईसायेब, म्होरं वाट खचलीया. म्हंजी तुमचा शबुद बी ऱ्हातो आन् तुमी बी ऱ्हाता. दगूड हललं, त्येला कोन काय करनार.”

सोमवारी सकाळी मी पत्र समोर घेऊन बसले. होकार द्यायचा हे मी रात्रीच ठरवले होते. मुलगी योग्य होती. तिचा डोळा माझ्यापेक्षा चांगला होता, हे मला पिंपळतळ्यावरच कळले होते. मी लेखणी उघडली. मग मला ती त्या दूरच्या गावी दिसली, परक्या लोकांत, संध्याकाळी कुणीतरी तिला विचारतो आहे की पहिली गणती तुम्ही कुणाबरोबर केलीत, आणि ती सांगते आहे. मी लेखणी मिटली आणि तिला बोलावले.

“या वर्षी राहू दे,” मी म्हणाले. “घरात आत्ताच असं झालंय. पुढं पाहू.”

मी तिच्या विरोधाची वाट पाहिली. काठावर उभी राहिली होती तशी ती उभी राहील, मला तोंडावर सांगेल की मी काय केले आहे, आणि मग मला तिला जाऊ द्यावेच लागेल, असे मला वाटले होते. कदाचित मला तेच हवे होते.

“बरं, आईसाहेब,” ती म्हणाली, आणि चहाचे भांडे उचलून आत गेली.

गणतीला मी पुन्हा गेले नाही. गुडघ्याचे कारण सांगितले आणि ते खरेही होते. यशोधरेने दुर्बीण पुन्हा हातात घेतली नाही. संस्थेचे दुसरे पत्र आले, मग तिसरे. तिने ती माझ्या टेबलावर आणून ठेवली, न फोडता. तिने माझे घर चालवले, दोन मुले वाढवली, माझा मुलगा निवृत्त होऊन आला तेव्हा त्याचे दुखणे काढले. हौसाचे ती शेवटपर्यंत पाहत होती. मला न विचारता केलेली तेवढी एकच गोष्ट. आज ती एकोणसाठ वर्षांची आहे आणि मी पंच्याऐंशीची. मला अंघोळ ती घालते, औषधे ती देते. नातेवाईक म्हणतात, अशी सून शोधून सापडायची नाही. एवढ्या वर्षांत सासूचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नाही. हे खरे आहे. चौतीस वर्षांत तिने मला एकदाही नाही म्हटलेले नाही.

परवा दुपारी ती माझ्या पायाला तेल लावत होती. डावा गुडघा आता अजिबात वळत नाही. मी तिला म्हणाले, “यशोधरा, एक विचारते. खरं सांग. मी तुला आज्ञा करते असं समज.”

तिचा हात थांबला नाही.

“तातोबाला मी मारलं का?”

तिने गुडघ्याखालचे तेल नीट जिरवले. मग लुगड्याची घडी माझ्या पायांवर ओढली, बाटलीला झाकण लावले आणि वर पाहिले. ती कितीतरी वर्षांनी माझ्या डोळ्यांत पाहत होती.

“तुम्ही म्हणाल तसं, आईसाहेब,” ती म्हणाली.